डर्ट जंपिंग: अडते कुठे, सायकलीपाशी की स्वारापाशी?

मातीउडी
नमस्कार. गेले दीड वर्ष मी माउंटन बाइकवर उड्या मारण्याचा सराव करतो आहे. माझी सायकल हार्डटेल आहे, म्हणजे पुढे १०० मिलिमीटरचे सस्पेन्शन आणि मागे काहीच नाही. मुळात ती पायवाटांवरून रपेट मारण्यासाठी घेतली होती. उड्यांचे वेड नंतर लागले. छोटे टेबलटॉप (चढ, वर सपाटी आणि पुढे उतार असलेले मातीचे उंचवटे) आता जमतात, म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही चाके लँडिंगच्या उतारावर टेकतात. मात्र त्यापुढचा जो टेबलटॉप आहे, ज्याची वरची सपाटी साधारण साडेतीन मीटर लांब आहे, तिथे दहापैकी सात वेळा मी अपुरा पडतो आणि मागचे चाक सपाटीच्या शेवटच्या कडेवर दणकन आपटते. उरलेल्या तीन वेळा अंतर कसेबसे कापले जाते, पण हवेत पुढचे चाक खाली झुकू लागते आणि पोटात गोळा येतो.

माझ्या सोबतच्या दोघांनी नुकत्याच पुढे-मागे १६० मिलिमीटर सस्पेन्शनच्या नव्या सायकली घेतल्या. त्यातला एक जण हाच टेबलटॉप पहिल्याच दिवशी पार करून गेला आणि तेव्हापासून 'सायकल बदल, सायकल बदल' हा त्याचा जप चालू आहे. दुसरा मात्र तशीच सायकल घेऊनही माझ्याइतकाच अडखळतो, किंबहुना थोडा जास्तच. त्यामुळे माझा गोंधळ वाढला आहे. साठवलेले पैसे मोडून फुल सस्पेन्शन सायकल घ्यावी, की आहे त्याच सायकलीवर आणखी काही महिने घाम गाळावा? आणि हीच सायकल चालवायची ठरवली, तर तिच्यात निदान काय बदलावे?

अर्धवर्तुळ
मी काही वर्षे नवशिक्यांना पंप ट्रॅकवर (उंचवटे आणि वळणे असलेल्या छोट्या वाटेवर) आणि छोट्या उड्यांवर शिकवते. तुमच्या वर्णनात दोन तक्रारी आहेत, एक अपुरे पडण्याची आणि दुसरी पुढचे चाक झुकण्याची. पण माझ्या अनुभवात या दोन्हींचे मूळ बहुधा एकच असते, आणि ते उडीच्या लिपवर, म्हणजे चढाच्या शेवटच्या हातभर मातीवर असते.

पुढचे चाक लिप सोडते त्या क्षणी मागचे चाक अजून चढावरच असते. पुढचा भाग मोकळा झालेला असतो आणि मागच्या भागाला चढ वर ढकलत असतो. या निमिषात स्वाराने वाकवलेले पाय सरळ करत पेडलांवर दाब दिला, तर चढाने दिलेला धक्का वापरला जातो आणि स्वार व सायकल मिळून वर उठतात. पाय मात्र अर्धवट वाकलेल्या अवस्थेत थिजले, किंवा भीतीपोटी चढावर चढतानाच आणखी मुडपले गेले, तर उंची मिळत नाही, आणि मागचे चाक वर उसळून पुढचे खाली झुकते. अशा वेळी स्वार हवेत लाकडी बाहुलीसारखा ताठ दिसतो. मग पुढच्या वेळी तो घाबरून लिपच्या आधीच हँडल छातीकडे ओढतो, त्यामुळे पायांचा दाब आणखी कमी होतो आणि अंतर आणखी घटते. तुमचे 'सात आणि तीन' हे प्रमाण मला या चक्राची खूण वाटते.

आता सायकलीकडे येते. फुल सस्पेन्शन सायकलीत तुम्ही पायांनी दिलेल्या दाबातला काही भाग मागचा शॉक गिळून टाकतो. म्हणूनच डर्ट जंपसाठी बनवलेल्या सायकलींना मागे सस्पेन्शन नसते, आणि स्लोपस्टाइलच्या (उड्यांवर युक्त्या करण्याच्या स्पर्धेच्या) स्पर्धकांकडे ते असले तरी जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास असते व इतके कडक ठेवलेले असते की हाताने दाबून ते जेमतेम हलते. तुमचा पहिला मित्र पार झाला तो बहुधा वेगामुळे. मोठ्या सस्पेन्शनने त्याला धीर दिला, धीरामुळे त्याने ब्रेकवरची बोटे काढली, आणि वाढलेल्या वेगाने बाकीचे काम केले. दुसऱ्याला धीर आला नाही, म्हणून सायकलीचाही उपयोग झाला नाही. (हा अंदाज आहे, मी त्या दोघांना पाहिलेले नाही.)

आधी मोबाइल चाकाच्या उंचीवर, लिपच्या बरोबर बाजूला ठेवून चित्रण करा. मागचे चाक लिपच्या टोकावर असतानाची चौकट थांबवा आणि फक्त गुडघे पाहा. त्या चौकटीत पाय जवळजवळ सरळ झालेले दिसले पाहिजेत. दिसले नाहीत, तर मोठ्या टेबलटॉपकडे काही आठवडे फिरकू नका. पंप ट्रॅकवर पेडल न मारता, निव्वळ उंचवट्यांवर शरीर वर-खाली करत पूर्ण फेरी मारता येईपर्यंत सराव करा, आणि सीट पूर्ण खाली घेऊन सपाटीवर बनी हॉप, म्हणजे चढाशिवाय सायकलीसकट मारायची उडी, पक्का करा. आधी मागे झुकून पुढचे चाक उचलायचे, मग पाय सरळ करत उभे राहायचे, आणि मग हँडल पुढे ढकलत मागच्या चाकाला वर येऊ द्यायचे, असा त्याचा क्रम आहे. पायांना पट्ट्यांनी किंवा क्लिपने पेडलांशी बांधून घेऊ नका. तसे केल्यास सायकल पायांनी उपसून वर घेण्याची खोटी सवय लागते. चपटी, खिळे असलेली पेडले वापरली की चूक लगेच उघडी पडते, कारण चुकलात तर पाय सुटतो.

जुनाखोड
अर्धवर्तुळ यांच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि मी तर आणखी पुढे जाऊन म्हणेन की साधनांचा हा सगळा बाऊ आहे. पॉल बासागोइटिया हा बीएमएक्समधून (लहान चाकांच्या सायकलींच्या खेळातून) आलेला पोरगा २००४ मध्ये कॅनडातल्या व्हिसलरच्या क्रँकवर्क्स महोत्सवात उसनी सायकल घेऊन उतरला आणि स्लोपस्टाइल जिंकून गेला. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांग इथल्या डाउनहिल (उतारावरच्या शर्यतींच्या) विश्वचषकात ॲरन ग्विनची चेन सुरुवातीच्या फाटकाशीच तुटली. तो एकदाही पेडल न मारता खाली आला आणि तरीही पहिला आला. सॅम पिलग्रिम हा २०१३ चा फ्रीस्टाइल माउंटन बाइक वर्ल्ड टूरचा विजेता आहे, आणि तो हलक्या दर्जाच्या स्वस्त सायकलींवर काय काय करतो ते कोणीही पाहू शकते.

आणि या खेळाचा उगम तरी कुठे आहे? १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही जण १९३० आणि ४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुनाट सायकली घेऊन 'रिपॅक' नावाच्या उतारावर शर्यती लावत. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये जवळपास ४०० मीटर खाली उतरणारी ती कच्ची वाट होती, आणि ब्रेक कसला, तर उलटे पेडल मारून मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, लागणारा. ना सस्पेन्शन, ना डिस्क ब्रेक. माणसे उतरत होतीच ना? तेव्हा मातीउडी, पैसे खिशात ठेवा आणि चालवत राहा.

पानापक्कड
जुनाखोड यांची उदाहरणे खरी आहेत, परंतु त्यांतून निघणारा निष्कर्ष मला धोकादायक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. मी सायकली दुरुस्त करतो, आणि उड्या मारून मोडलेल्या सायकली माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या आहेत.

ग्विनची चेन तुटली होती, पण बाकीची सायकल विश्वचषकाची डाउनहिल सायकल होती. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन सगळे आपापल्या जागी काम करत होते. त्या निकालावरून पेडल मारण्याचे महत्त्व त्या विशिष्ट उतारावर किती कमी होते आणि ग्विन किती मोठा स्वार आहे, एवढे कळते. सायकल निरर्थक आहे असे त्यातून निघत नाही. बासागोइटियाची सायकल उसनी होती, पण उसनी म्हणजे निकृष्ट नव्हे. पिलग्रिमच्या त्या चित्रणांत स्वार काय करतो याबरोबर उडीनंतर चाकांचे आणि क्रँकचे (पेडलांच्या दांड्यांचे) काय होते तेही पाहावे. आणि रिपॅक हे नाव तरी कशावरून पडले? एका उतरणीत हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे, आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागायचे. त्याच मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी नवी फ्रेम घडवली, कारण जुन्या फ्रेम पुरत नव्हत्या. कसबी माणसांनीच साधन बदलायला घेतले, ही त्या गोष्टीची दुसरी बाजू आहे.

माझ्या मते 'महाग की स्वस्त' हा प्रश्नच चुकीच्या जागी बोट ठेवतो. सायकल कामाला योग्य आहे की नाही, हा खरा प्रश्न आहे. डर्ट जंपची सायकल पायवाटांसाठीच्या महागड्या ट्रेल सायकलीच्या तुलनेत फार साधी असते: २६ इंची चाके, एकच गिअर, बहुधा फक्त मागचा ब्रेक, क्रोमोली पोलाद किंवा ॲल्युमिनियमची फ्रेम आणि कडक केलेला १०० मिलिमीटरचा फोर्क (पुढचे सस्पेन्शन). तिच्यात कमी वस्तू असतात, पण ज्या असतात त्या मार खाण्यासाठी बनवलेल्या असतात. उलट दोन क्राउनचा (नळ्यांना जोडणारे दोन आडवे तुकडे असलेला), २०० मिलिमीटरचा डाउनहिल फोर्क कितीही महाग असला तरी त्यावर बारस्पिन (हवेत हँडल पूर्ण गोल फिरवण्याची युक्ती) करता येत नाही, कारण हँडल फिरवताच फोर्कच्या वरपर्यंत गेलेल्या नळ्या फ्रेमला अडतात. युक्त्या करणाऱ्याला तिथे एका क्राउनचा फोर्क हवा. त्याची किंमत किती, हा नंतरचा भाग झाला.

आता मातीउडी यांच्या सायकलीविषयी. तुमच्या फ्रेमवर किंवा तिच्या पुस्तिकेत एक ते पाचपैकी एखादा वापर-वर्ग लिहिलेला असण्याची शक्यता आहे. ही वर्गवारी एएसटीएम या मानक-संस्थेच्या एफ२०४३ या मानकातून आली आहे आणि बरेच उत्पादक ती वापरतात. तिसऱ्या वर्गाची सायकल साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी आणि चौथ्या वर्गाची १२२ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्यांसाठी असते. डर्ट जंप, फ्रीराइड (मोठ्या कड्या-उतारांवरून उड्या मारत उतरणे) आणि डाउनहिल पाचव्या वर्गात येतात. रपेटीची हार्डटेल बहुधा तिसऱ्या वर्गातली असते. याचा अर्थ ती उद्याच मोडेल असा नाही, पण तुम्ही तिच्याकडून जे काम घेत आहात त्यासाठी ती तपासलेली नाही.

त्यातही तुमचे चाक सपाटीच्या कडेवर आपटते, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. एक मीटर उंचीवरून सपाटीवर पडताना खाली येण्याचा वेग टेकण्याच्या क्षणी सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो. तो वेग १० सेंटिमीटर अंतरात जिरवायचा, तर शरीराला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या दहापट मंदन सोसावे लागते. तोच हात-पाय दुमडून अर्ध्या मीटरभर अंतरात जिरवला, तर गुरुत्वाकर्षणाच्या फक्त दुप्पट. जगातला कोणताही शॉक गुडघ्यांइतके अंतर देऊ शकत नाही, आणि इथे मी अर्धवर्तुळ यांच्या बाजूचा आहे. उतारावर टेकलात तर वेगाची दिशा जमिनीशी जुळते आणि हा हिशेब आणखी सौम्य होतो. पण कडेवर आपटताना धक्का एकट्या मागच्या चाकावर येतो, आणि हार्डटेलमध्ये तो थेट रिम, स्पोक आणि एक्सलपर्यंत (चाकाच्या आसापर्यंत) पोहोचतो.

एक्सलचे मुद्दाम सांगतो. स्वस्त सायकलींच्या मागच्या हबवर आटे असतात आणि त्यावर फ्रीव्हीलची, म्हणजे चेनच्या दातेरी चकत्यांची, पूर्ण गड्डी फिरवून बसवलेली असते. या रचनेत चेनच्या बाजूचे बेअरिंग गड्डीच्या आतल्या बाजूला, म्हणजे फ्रेमपासून बरेच दूर राहते, आणि मधला एक्सलचा तुकडा आधाराविना उरतो. वारंवार आपटल्यावर तो तिथेच वाकतो आणि एक दिवस तुटतो. फ्रीहबच्या रचनेत ते बेअरिंग बाहेर, फ्रेमजवळ सरकलेले असते, म्हणून तेवढ्याच जाडीचा एक्सल कितीतरी जास्त टिकतो. तुमच्याकडे कोणती रचना आहे ते ओळखण्यासाठी मागचे चाक काढा आणि गड्डीच्या तोंडाशी पाहा. गड्डी मोकळी फिरवल्यावर मधली, अवजार बसवण्याची खाचांची कडी तिच्याबरोबर फिरत असेल तर फ्रीहब. कडी स्थिर राहून बाहेरचे दाते फिरत असतील तर फ्रीव्हील. मग एक्सल बोटांनी फिरवून त्याच्या टोकाकडे निरखून पाहा. टोक एकाच जागी फिरायला हवे. ते लहानसे वर्तुळ काढत असेल, तर एक्सल वाकला आहे.

तसेच हेड ट्यूबला (हँडल ज्यात बसते त्या फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीला) खालची नळी जिथे जोडली आहे, तो सांधा ओल्या फडक्याने पुसून उजेडात तपासा. रंगाला सुरकुती किंवा केसासारखी रेघ दिसली, तर ती फ्रेम उड्यांतून निवृत्त करा. वेल्डिंग करून पुन्हा उडवू नका. फोर्कमध्ये हवेऐवजी साधी स्प्रिंग असेल आणि परत येण्याचा वेग आवरणारी यंत्रणा नसेल, तर लँडिंगनंतर हँडल उसळून वर येते. अशा फोर्कवर कसब खर्च होते ते फोर्कला सांभाळण्यात.

पैसे खर्च करायचेच असतील, तर माझा क्रम हेल्मेट, मागचे चाक, पेडले आणि मग फोर्क असा राहील. हेल्मेटवर ईएन १०७८ लिहिलेले असेल तर ते सर्वसाधारण सायकलस्वारीसाठी तपासलेले आहे. एएसटीएम एफ१९५२ हे मानक डाउनहिलच्या हेल्मेटांसाठी आहे, आणि तुमच्या उड्यांना तेच शोभते. एकदा जोरात डोके आपटले की आतला फोम दबतो आणि परत फुगत नाही, त्यामुळे बाहेरून धड दिसणारे हेल्मेटही बदलावे लागते.

जुनाखोड
फ्रीव्हीलचा मुद्दा मान्य. माझ्या काळी आम्ही हंगामात दोन-तीन एक्सल मोडायचो आणि त्याला नशीब म्हणायचो. तरीही माझा मूळ आग्रह सोडत नाही: हा मुलगा फुल सस्पेन्शन घेऊन आला, तर त्याचे पाय पुढची दोन वर्षे झोपून राहतील.

पानापक्कड
फुल सस्पेन्शन घ्या असे मी कुठेच म्हटलेले नाही. मागचे चाक बदला असे म्हटले आहे. फ्रीराइडच्या मोठ्या उतारांवर, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या युटामधल्या व्हर्जिन गावाजवळच्या कड्यांवर २००१ पासून होणाऱ्या रॅम्पेज स्पर्धेसारख्या ठिकाणी, मोठ्या सस्पेन्शनशिवाय कोणी उतरत नाही, आणि ते योग्यच आहे. साडेतीन मीटरचा टेबलटॉप म्हणजे रॅम्पेज नव्हे.

मातीउडी
सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे सगळे करून पाहिले, म्हणून आठ दिवसांनी लिहितो आहे.

चित्रणात गुडघे वाकलेलेच दिसले. नुसते वाकलेले नव्हेत, तर मागचे चाक लिपवर असताना मी जवळजवळ बसलेला होतो आणि कोपरे मागे ओढलेली होती. मला स्वतःला मात्र प्रत्येक वेळी पाय सरळ केल्याची खात्री वाटत होती. छोट्या टेबलटॉपचे चित्रणही पाहिले, तर तिथेही तेच. ती उडी केवळ वेगावर निभावत होती. पंप ट्रॅकवर पेडल न मारता तीन वळणांपर्यंत जाता येते, चौथ्याशी सायकल थांबते.

सायकलीवर तिसरा वर्ग लिहिलेला आहे. मागच्या हबवर फ्रीव्हीलच निघाले, आणि एक्सल फिरवल्यावर चेनच्या बाजूचे टोक स्पष्टपणे वर्तुळ काढते. काढताना नट एका जागी जड जात होता, तेव्हाच शंका आली होती. गेल्या महिन्यात चढावर कुरकुर ऐकू यायची, तेव्हा ती चेनची समजून मी तेल घालत बसलो होतो. फ्रेमच्या सांध्यावर सुदैवाने काही दिसले नाही. माझे हेल्मेट ईएन १०७८ चे आहे आणि ते घालून मी एकदा बऱ्यापैकी आपटलो आहे, त्यामुळे तेही बदलणार. नवी सायकल तूर्त नको असे ठरवले आहे. फ्रीहबचे मागचे चाक घेतो आणि मोठा टेबलटॉप महिनाभर बंद.

एक शंका राहिली. माझा फोर्क हवेचा आहे. आतापर्यंत मी रपेटीसाठी सांगितलेला दाब ठेवत होतो, म्हणजे सायकलीवर उभा राहिलो की तो पाव भाग खाली बसतो. उड्यांसाठी किती बसू द्यावा?

अर्धवर्तुळ
कोपरे मागे ओढलेली असणे हे मी म्हटले होते त्याच चक्राचे लक्षण आहे, त्यामुळे पंप ट्रॅकवर हातांकडेही लक्ष द्या: उंचवट्याच्या उतरणीवर हँडल पुढे आणि खाली ढकलायचे असते. चौथ्या वळणाशी सायकल थांबते म्हणजे बहुधा वळणातून बाहेर पडताना तुमचे शरीर उभेच राहते. वळणाच्या मध्यावर खाली बसून बाहेर पडताना उठा, तिथूनच वेग मिळतो.

फोर्क दहा ते पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त बसू देऊ नका, म्हणजे १०० मिलिमीटरमध्ये १० ते १५. नळीवर रबराची कडी असेल तर ती खाली सरकवून, सायकलीवर स्थिर उभे राहून, हळूच उतरून मोजा. कडी नसेल तर बारीक झिप टाय बांधा. रीबाउंडचा (फोर्क परत येण्याचा वेग ठरवणारा) खटका असल्यास तो एक-दोन टिचक्या हळू बाजूला घ्या, कारण दाब वाढवला की फोर्क अधिक जोराने उसळतो आणि लिपवर हँडल हाताला लागते.

पानापक्कड
दाब फोर्कवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत ठेवा. त्या मर्यादेला पोहोचूनही फोर्क पंधरा टक्क्यांहून जास्त बसत असेल, तर हवेच्या कप्प्यात प्लास्टिकचे तुकडे टाकून आतली जागा कमी करता येते का ते मॉडेलनुसार पाहावे लागेल. त्याने उभे राहिल्यावरचे बसणे फारसे बदलत नाही, पण लँडिंगला फोर्क तळाला ठोकत नाही. आणि नवे चाक बसवल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सर्व स्पोक जोडीजोडीने चिमटीत दाबून पाहा. नवे स्पोक आपापल्या जागी बसताना सैल पडतात, आणि त्या अवस्थेत एकदा जरी कडेवर आपटलात तरी रिम वेडीवाकडी होते.